फळ्यावर चित्र काढून देऊ नका: वर्गातला रंगांचा तास कसा घ्यायचा

खानापूर तालुक्यातली शाळा घ्या, निपाणीची घ्या, नाहीतर बेळगावात वडगाव-शहापूरची घ्या. चौथीच्या वर्गात शिरून भिंतीवरची चित्रं बघा. दोन डोंगर, मधनं उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकडेला घर आणि घराशेजारी नारळाचं झाड. चाळीस पोरं, चाळीस कागद, चित्र एकच. ज्या पोराच्या परड्यात फणस आणि जांभूळ आहे तेही नारळच काढतंय, कारण सरांनी फळ्यावर नारळ काढला होता. आणि मग स्टाफरूममधे आपणच म्हणतो की ह्या पोरांना कल्पना म्हणून नाही ओ.

असतीय की. तास उलट्या क्रमानं घेतला जातो म्हणून ती बाहेर येत नाही. बहुतेक ठिकाणी साहित्य भरपूर देतात आणि विषय बांधून देतात. चोवीस रंगांची पेटी, स्केचपेन, स्केल, खोडरबर सगळं समोर, आणि विषय 'निसर्गचित्र', तोही फळ्यावर काढून दाखवलेला. करायचं नेमकं याच्या उलट. साहित्य कमी द्या, विषय मोकळा सोडा.

खालचं सगळं पहिली ते पाचवीसाठी आहे. तीस-चाळीस पोरं, एकच शिक्षक, वेगळे ड्रॉइंग टीचर नाहीत, कधी दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत, असं धरून लिहिलंय. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेची तयारी करून घ्यायची असेल तर तो वेगळा मामला, तिथं सगळं ठरलेल्या पद्धतीनंच यावं लागतं.

टप्पा १: वार आणि वेळ

चाळीस मिनिटांच्या एका तासात रंगकाम होत नाही. कागद वाटा, पाणी आणा यातच पंधरा मिनिटं जातात आणि पोरं जरा कुठं रमायला लागली की घंटा होते. दोन तास जोडून घ्या, म्हणजे ८० मिनिटं. शनिवारची सकाळची शाळा त्याला सगळ्यात चांगली. दुपारच्या जेवणानंतर लगेच घेऊ नका, पोरं पेंगत असतात आणि नळावर ताटं धुवायची गर्दी असते, तिथं ब्रश कुठं धुणार.

वाटणी अशी करा: हात मोकळा करायला १०, विषयावर बोलायला १०, चित्राला २०, रंगाला २५, आवरायला आणि चित्रं बघायला १५ मिनिटं. शेवटची १५ कुणी पाळत नाही. रंगवणं लांबत जातंय, मग घाईघाईत ओले कागद एकावर एक रचतात आणि सोमवारी बघावं तर सगळा गठ्ठा चिकटलेला.

सावधान: आपल्याकडं शाळा मे सरता सरता नाहीतर जून लागला की उघडते, आणि जांबोटी-कणकुंबी भागात तिथनं पुढं तीन-चार महिने हवाच ओली. कागद सादळतो, पोस्टर कलर वाळत नाही, गठ्ठ्यात ठेवलं की बुरशी धरतंय. पावसात मेणखडू, ऑइल पेस्टल आणि कोळसा यावर भागवा, पाण्याचे रंग दसऱ्याची सुट्टी संपल्यावर काढा. कोऱ्या कागदांचा गठ्ठा प्लास्टिकमधे गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, भिंतीला टेकवून नको.

टप्पा २: आदल्या दिवशी साहित्य लावून ठेवा

कागद. वहीचं पान नको, ए-फोर पण लहान पोरांना लहानच पडतो, हात खांद्यापासनं हलत नाही आणि पोरं कोपऱ्यात बोटभर माणूस काढून बसतात. दुकानात मिळणारी २२ × २८ इंची ड्रॉइंग शीट घ्या आणि चार तुकडे करा, एक तुकडा ११ × १४ इंचाचा होतो. चाळीस पोरांना दहा शीट लागतात, बारा आणा. पाण्याचे रंग वापरायचे असतील तर कागद कमीत कमी १२० जीएसएमचा (आकडा जेवढा मोठा तेवढा कागद जाड), १५० मिळाला तर उत्तम. सरावाला पाठकोरे कागद चालतात, त्यासाठी ऑफिसातली रद्दी आधीच मागून ठेवा.

रंग. पोस्टर कलरच्या चारच बाटल्या: लाल, पिवळा, निळा, पांढरा. काळा कपाटातच राहू द्या, काळा दिसला की पोरं प्रत्येक गोष्टीला बॉर्डर मारायला लागतात. आता लाल घेताना एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची चुकते. दुकानदार 'रेड' म्हणून व्हर्मिलियन देतो, तो केशरीकडं झुकणारा असतो आणि त्यात निळा घातला की जांभळा होतच नाही, मातकट तपकिरी होतो. मग पोरगं म्हणतंय, सर तुम्ही म्हणालात जांभळा होतो. क्रिमसन मागून घ्या. पिवळ्यात लेमन यलो घ्या, म्हणजे हिरवा स्वच्छ येतो.

ब्रश. आठ नंबरचा गोल ब्रश बास. दोन नंबरचा बारीक ब्रश हातात आला की पोर रंगवत नाही, कोरत बसतं. ब्रश कमी पडले तर कडुलिंबाची काडी टोकाला चावून तिचा कुंचला होतो, जुन्या सुती कापडाचा बोळा पण चालतो.

चार-चार पोरांचे गट करा, दहा गट होतील. प्रत्येक गटाला एक पसरट प्लास्टिकचं झाकण, पाण्याचे दोन डबे आणि एक फडकं. दोन डबे कशाला म्हणाल तर एक ब्रश धुवायला, दुसरा रंगात घालायच्या स्वच्छ पाण्याला. एकच डबा दिला की पाच मिनिटांत पाणी राखाडी होतं आणि त्या पाण्यातनं सगळ्या वर्गाचे रंग मळतात. झाकणावर रंग घालताना सारखे घालू नका: पिवळा एक चमचा, लाल अर्धा, निळा पाव, पांढरा एक. निळा फार जोरकस असतोय, थोडक्यात सगळं गिळून टाकतो, आणि पिवळा सगळ्यात आधी संपतो. दहा गटांना मिळून पिवळा ५० मिली, लाल २५ आणि निळा १२-१३ मिली लागतो, या हिशेबानं बाटल्या बघून ठेवा. रंग ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ असावा.

तपासून घ्या: दोरी बांधलीय का आणि कपड्याचे चिमटे आहेत का? चाळीस ओले कागद ठेवायला जागा नसेल तर त्या दिवशी रंग काढू नका, नुसतं चित्र घ्या.

टप्पा ३: पोरं बसवणं आणि कामं वाटणं

बेंच दोन-दोन जोडा नाहीतर सरळ सरकवून जमिनीवर बसवा. जमीनच बरी, पाणी सांडलं तरी पुसून घेता येतं. खाली वर्तमानपत्र पसरा. मोठ्या पोरांतले दोघं पाणीवाले, दोघं कागदवाले, दोघं फडकेवाले, एवढी सहा पोरंच उठतील, बाकी कुणी जागचं हलायचं नाही. हे आधी ठरवलं नाही तर चाळीसही जण नळावर जातात आणि मग तिथं वेगळीच होळी.

रंग अजून वाटायचे नाहीत. झाकणं, डबे सगळं टेबलावरच. समोर रंग दिसला की पोरांचा हात थांबत नाही आणि मधले दोन टप्पे वाया जातात.

टप्पा ४: हात मोकळा करणं, १० मिनिटं

हा टप्पा सगळे गाळतात, आणि 'मला येत नाही' हे वाक्य तिथनंच सुरू होतं. पाठकोरा कागद आणि एक मेणखडू द्या, बास. चित्र काढायचं नाही म्हणून आधीच सांगून टाका. फक्त रेघा.

मी पाऊस म्हणतो, तुम्ही रेघ काढा. आधी रिमझिम, मग धो धो, मग कौलावरनं पडणारी धार. मग आवाज. वडगाव-शहापूरच्या पोरांना कापड विणायच्या मागाचा खटक-खटक झोपेतसुद्धा ओळखू येतो, त्यांना सांगा की हा आवाज कागदावर काढा, काय होईल ते होऊ दे. कुणी टोकदार रेघा काढतं, कुणी चौकटी, कुणी एकाच जागी गिरमिटत राहतं. सगळं बरोबर. मग डाव्या हातानं. मग डोळे मिटून. शेवटच्या मिनिटाला कागद उलटासुलटा फिरवून त्या गिरमिटात काही दिसतंय का बघा, दिसलं तर त्याला फक्त डोळे काढा. इथं वर्ग हसायला लागतो. हसला की पुढचं काम सोपं.

सावधान: ह्या रेघांचे कागद गोळा करून कुणाचा चांगला, कुणाचा वाईट असं दाखवू नका. हे कागद रद्दीच.

टप्पा ५: विषय द्यायचा तो प्रश्नातनं

सगळा तास ह्या टप्प्यावर उभा असतोय. 'पावसाळा' हा विषय झाला की पोराच्या डोक्यात लगेच छत्री आणि बेडूक येतो, कारण पुस्तकात तेच असतंय. त्याऐवजी असं विचारा: पाऊस चालू आहे, लाईट गेलीय, तुमच्या घरात आत्ता कोण कुठं बसलंय? आता ह्याचं उत्तर चाळीस जणांचं सारखं येऊच शकत नाही. कुणाच्या घरात म्हैस पण असते.

अजून काही प्रश्न, आपल्या भागातल्या पोरांसाठी:

बेंदराच्या दिवशी बैलानं पाण्यात स्वतःची रंगवलेली शिंगं बघितली, तर त्याला काय वाटलं असेल? नुसता बैल काढायचा नाही, त्याला काय वाटलं ते चित्रात दिसायला पाहिजे.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहून खाली बघितलं तर आपली शाळा, शेतं, रस्ते कसे दिसतील? वरनं बघायचं म्हटलं की डोंगर-सूर्य-नदीचा साचा आपोआप मोडतोय, कारण त्यात आभाळच येत नाही.

बाजाराच्या दिवशी खचाखच भरलेली बस. आत कोण कोण आहे, कुणाच्या मांडीवर काय आहे, कोंबडी आहे का?

गोकाकचा धबधबा पावसाळ्यात जोरात असताना त्याच्यासमोर उभा असलेला माणूस केवढा दिसेल? घटप्रभेचं पाणी तिथं जवळजवळ ५२ मीटर खाली पडतंय, म्हणजे पंधरा-सोळा मजली बिल्डिंगएवढं. हे सांगितलं की पोरं कागद उभा धरतात. कागद उभा की आडवा हे पोरानं स्वतः ठरवणं हा पण विचारच आहे, त्यामुळं 'कागद आडवा धरा रे सगळ्यांनी' असं सांगू नका.

दिवाळीच्या आधी: यंदा तुमच्या किल्ल्यात चोरवाट कुठनं जाणार? आधी कागदावर नकाशा, मग अंगणात माती.

प्रश्न विचारल्यावर दहा मिनिटं नुसतं बोला. कुणाला मराठीत सांगता येईना तर कन्नडमधे, कोंकणीत, उर्दूत सांगू दे, इथं भाषेचा पेपर नाही. फळ्यावर चित्र काढू नका. फार तर पोरांनी सांगितलेले शब्द लिहा: कंदील, आजी, गळकं कौल, मांजर. शब्द बघून प्रत्येकाचं मांजर वेगळं होतं, चित्र बघून सगळ्यांचं एकच होतं.

तपासून घ्या: तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मनातल्या मनात एका चित्रात दिसतंय आणि 'असंच यायला पाहिजे' असं वाटतंय का? मग प्रश्न अजून बांधलेला आहे, बदला.

टप्पा ६: चित्र, २० मिनिटं

पेन्सिल आणि खोडरबर दप्तरात. डायरेक्ट मेणखडूनं नाहीतर कोळशानं काढू दे. खोडरबर हाताशी असलं की चौथी-पाचवीची पोरं एक नाक पंधरा वेळा खोडतात, कागदाला भोक पडतं आणि वीस मिनिटांत नाकच तयार होतं. खोडता येत नाही म्हटल्यावर पोर चुकलेल्या रेघेचंच काहीतरी करतं. चुकीच्या हाताचं झाड होतं, सांडलेल्या ठिपक्याचा कावळा. आपल्याला पाहिजे ती विचार करायची सवय इथंच लागते.

'हे असं काढू का' म्हणून कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका, उलट विचारा: तिथं अजून कोण होतं? ते कुठं बघत होतं? रात्र होती की दिवस? आणि पोराच्या कागदावर आपला हात कधीच चालवायचा नाही. एक रेघ सुद्धा नाही. आपण काढलेली सरळ रेघ बघितली की पुढच्या वेळेपासनं ते पोर कागद घेऊन आपल्याकडंच येतंय.

वयाप्रमाणं काय अपेक्षित आहे हे माहीत असलं की निम्मी टोकाटोकी बंद होते. पहिली-दुसरीच्या पोराच्या चित्रात आई घरापेक्षा मोठी असते, कारण ती महत्त्वाची. भिंत असून आतली माणसं दिसतात. सगळं एका खालच्या रेघेवर ओळीनं उभं असतंय, आभाळ वर निळ्या पट्टीसारखं आणि मधे सगळं कोरं. हे त्या वयाचं रीतसर चित्र आहे, दुरुस्त करायला जाऊ नका, वय वाढेल तसं ते आपोआप सुटतं. नऊ-दहा वर्षांच्या पोरांचं वेगळंच दुखणं. त्यांना 'खऱ्यासारखं' पाहिजे असतंय आणि ते जमत नाही म्हणून ती चित्रच सोडून देतात. त्यांना एक व्यायाम द्या: चप्पल समोर ठेवायची, कागदाकडं न बघता फक्त चपलेच्या कडेवरनं नजर हळूहळू फिरवायची आणि तेवढ्याच वेगानं हात चालवायचा. चित्र वेडंवाकडं येणार, ते सगळ्यांचंच येतं, पण दोन-तीन वेळा केलं की पोर वस्तूकडं बघायला लागतं, डोक्यातल्या साच्याकडं बघत नाही.

टप्पा ७: रंग, २५ मिनिटं

पहिल्या शनिवारी चित्राला रंग देऊच नका. नुसते रंग मिसळायचे. पिवळा आणि निळा एवढंच द्या आणि किती हिरवे होतात ते मोजायला लावा. भाताच्या तरव्याचा हिरवा, उसाच्या पाल्याचा, विहिरीतल्या शेवाळाचा, जुन्या फणसाच्या पानाचा. आमच्याकडं पोरं शेतात वाढलेली असतात, त्यांना हे फरक आपल्यापेक्षा चांगले दिसतात, फक्त बाटलीतला तयार हिरवा देऊन आपण ते झाकून टाकतो. दुसऱ्या वेळी तपकिरी: तांबडं कौल, गुळाचा खडा, कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई), वाळलेलं पान समोर ठेवा आणि प्रत्येकाचा नेमका रंग करून दाखवा म्हणा. कुंदा तास संपेपर्यंत टिकत नाही, त्याची सोय बघा. तंबाखूचं पान मात्र वर्गात आणू नका, निपाणीकडच्या पोरांना तो रंग तसाही पाठ असतोय.

मिसळायचा क्रम महत्त्वाचा. फिका रंग आधी घ्यायचा आणि त्यात गडद थेंबाथेंबानं. हिरव्याला आधी पिवळा, मग निळा. गुलाबीला आधी पांढरा, मग लाल. उलट केलं, म्हणजे निळ्यात पिवळा ओतत बसलं, तर झाकणभर पिवळा संपतो तरी हिरवा उजळत नाही. एका वेळी दोनच रंग मिसळायचे. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले की तपकिरी नाहीतर चिखल. तपकिरी पाहिजे असेल तर ठीक, नाहीतर ब्रश धू, फडक्याला पूस, मग दुसरा रंग. 'धू, पूस, घे' एवढं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पोरांचे शब्द आणि हे, फळ्याचा ह्या तासाला तेवढाच उपयोग.

चित्र रंगवताना मोठ्या जागा आधी, बारीकसारीक शेवटी. शेजारचा रंग ओला असेल तर तिथं जाऊ नका, कागदाच्या दुसऱ्या टोकाला काम करा. आभाळ निळंच पाहिजे, माणूस 'स्किन कलर'चाच पाहिजे असं सांगू नका. त्या नावाचा जो गुलाबी खडू पेटीत असतो तो आपल्या वर्गात एकाच्याही कातडीला जुळत नाही, तपकिरीत पांढरा-पिवळा कमीजास्त करून स्वतःच्या हाताचा रंग करून बघायला लावा.

पावसाळ्यासाठी एक युक्ती: पांढऱ्या मेणखडूनं नाहीतर मेणबत्तीच्या तुकड्यानं कागदावर पाऊस काढायचा, जोर देऊन. वरनं पातळ निळ्या रंगाचा एकच हात फिरवायचा. मेण पाणी धरत नाही म्हणून धारा पांढऱ्या राहतात. थर पातळ असल्यामुळं पंख्याखाली वाळतं पण. मेण आधी, रंग नंतर, उलट केलं तर काहीच दिसत नाही.

रंग विकत आणायला पैसे नसतील तर

एसडीएमसीकडनं (शाळेच्या विकास समितीकडनं) पैसे येईपर्यंत थांबू नका. खानापूर भागातली तांबडी माती आणि निपाणी-चिकोडीकडची काळी माती, एवढ्यावर दोन महिने काढता येतात.

माती वाळवून कुटा. पाण्यात कालवून जोरात ढवळा आणि अर्धा मिनिट थांबा, वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, खालची वाळू टाकून द्या. ते गढूळ पाणी रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळ काढून टाकली की तळाला लोण्यागत गाळ राहतो, तोच रंग. चार चमचे गाळाला एक चमचा फेविकॉल नाहीतर भिजवलेला डिंक. डिंक विसरलात तर चित्र वाळल्यावर हात लावला की रंग भुकटी होऊन पडणार. काळी माती पातळच लावा, जाड लावली की वाळताना तडकते. पांढऱ्यासाठी शाडू, गडद लालसाठी काव, काळ्यासाठी चुलीतला कोळसा. हळदीचा पिवळा झकास येतो पण उन्हात उडतो, ती चित्रं खिडकीसमोर लावू नका.

जास्वंदीची लाल पाकळी कागदावर चोळली की जांभळट रंग उमटतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी, खायच्या सोड्याचं पाणी टाकलं की हिरवट-निळसर. एका फुलात तीन रंग, आणि विज्ञानाचा आम्ल-आम्लारीचा धडा फुकटात.

सावधान: शेंदूर वर्गात आणू नका, त्यात शिसं असतं. बैलाच्या शिंगांना लावायचे ऑइलपेंट, बाजारातला सुटा गुलाल हे पण नको. हळद लाल करायला पोरांच्या हातात चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

टप्पा ८: आवरणं आणि बघणं, १५ मिनिटं

आधी आवरा, मग बघा. ब्रश धुऊन, टोक जुळवून, केस वर करून डब्यात उभे ठेवायचे. ओला ब्रश केसांवर उभा ठेवला की दुसऱ्या आठवड्याला झाडू होतो. कागद चिमट्यांनी दोरीवर.

मग सगळी चित्रं लावा. सगळी म्हणजे सगळी, निवडक पाच नाही. आणि 'छान', 'व्हेरी गुड', स्टार, पहिला नंबर हे बंद. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला होता. चित्र काढायची आवड असलेल्या पोरांपैकी काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर बक्षीस मिळेल. पुढं मोकळ्या वेळात तीच पोरं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत बसली. बक्षीस आलं की काम बक्षिसापुरतं होतं, हे आपण गॅदरिंगच्या स्पर्धेत दरवर्षी बघतो.

मग बोलायचं काय? जे दिसतंय ते. 'इथं तू खूप जोरात रेघा मारल्यास.' 'ह्या कोपऱ्यात कुणीच नाही, का रे?' 'हा हिरवा कसा केलास ते सांग बघू सगळ्यांना.' शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण त्याचं उत्तर द्यायला हुशार पोर लागत नाही, ज्यानं केलं त्यालाच ते माहीत असतंय. 'हे काय काढलंस?' असं मात्र विचारू नका, पोराला वाटतं आपल्याला ओळखूच आलं नाही. 'ह्या चित्रातलं सांग की काहीतरी' म्हणा.

कागदाच्या पाठीमागं नाव, तारीख आणि पोरानं सांगितलेलं एक वाक्य लिहा. फाईल प्रत्येकाची वेगळी. मार्क द्यायचेच असतील तर त्याच पोराच्या जूनच्या आणि डिसेंबरच्या चित्रात काय वाढलं ते बघून द्या, शेजारच्याशी तुलना करून नको.

नेहमीच्या अडचणी

'मला येत नाही की ओ टीचर.' समजूत घालत बसू नका, 'येतंय रे तुला' म्हणून पण उपयोग नाही. कागदावर पोरालाच डोळे मिटून एक वाकडी रेघ मारायला सांगा आणि ती कशाचा भाग असू शकेल विचारा. सुरुवात झाली की बहुतेक जण पुढं जातात.

पाच मिनिटांत 'झालं सर!' करणारे. दुसरा कागद देऊ नका. त्याच चित्रात एक गोष्ट अशी घाल की जी शोधायला मला वेळ लागेल, असं सांगा. दहा मिनिटं गप्प.

शेजाऱ्याची कॉपी. ओरडू नका, कॉपी करणं म्हणजे सुरुवात कुठनं करायची ते सुचत नाही. त्याला विषयातला दुसरा कोपरा द्या: ह्यानं बसचा दरवाजा काढलाय, तू ड्रायव्हरच्या बाजूनं काढ.

सगळं चित्र काळ्यानं नाहीतर एकाच रंगानं खरडणारं पोर. एकदा झालं तर सोडून द्या, पोरांना कधी कधी नुसतं खरडायला आवडतं. आठवडेच्या आठवडे तेच होत असेल तर चित्रावरनं निदान करत बसू नका, पण पोराशी निवांत बोला आणि घरच्यांशी पण.

पालक म्हणतात 'चित्रं कसली काढून घेताय, पाढे घ्या'. मिटिंगला नुसती चित्रं दाखवू नका, मागं लिहिलेली वाक्यं पोराकडनं मोठ्यानं वाचून घ्या. जे पोर वर्गात तोंड उघडत नाही ते चित्राबद्दल चार वाक्यं बोललं की बहुतेकांची तक्रार तिथंच मिटते.

झाडं तपकिरी आणि खोडं हिरवी रंगवणारा मुलगा. एकदा-दोनदा असेल तर ती त्याची मर्जी. पण लाल, हिरवा, तपकिरी ह्यात तो नेहमीच गोंधळत असेल, बाटली उचलताना शेजाऱ्याला विचारत असेल, तर त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसण्याची शक्यता आहे. हे जन्मतः असतंय आणि मुलींपेक्षा मुलांमधे खूप जास्त आढळतं. चारचौघांत 'हा कुठला रंग सांग' म्हणून परीक्षा घेऊ नका. पालकांना बाजूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडं एकदा दाखवायला सांगा, आणि वर्गातल्या सगळ्या बाटल्यांवर, खडूंवर रंगाचं नाव मराठीत आणि कन्नडात लिहून चिकटवा, म्हणजे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.